आखाजी आली की टीव्हीखालचा पीसी बंद पडतो

तीन वर्षं ओळीनं एकच तमाशा. आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, संध्याकाळी सगळं घर हॉलमध्ये टीव्हीसमोर बसतं. तास-दीड तासात चित्र अडखळायला लागतं, आवाज पुढे आणि ओठ मागे, आणि मग टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. खालच्या शोकेसमधला पीसी गप्प. आत्या सोफ्यावरून जाहीर करते, ‘‘भाऊ, तुना डबा परत बंद पडी गया रे!’’ दहा मिनिटं थांबलं की चालू होतो, वीस मिनिटांत पुन्हा झोपतो. जूनमध्ये पाऊस पडला की दुखणं आपोआप बरं होतं आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याची कुणाला आठवणही राहत नाही.

तुमचाही पीसी असाच वागत असेल, म्हणजे उन्हाळ्यातच, संध्याकाळीच, आधी अडखळून मग बंद आणि थोडं थांबलं की पुन्हा चालू, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. जानेवारीतही बंद पडत असेल किंवा चालू करताक्षणीच बंद होत असेल तर आधी रॅम, वायरिंग आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) बघा. तो आजार वेगळा.

मी धरणगावला राहतो. कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याचा या गोष्टीशी संबंध पुढे येईलच. पीसी म्हणजे इंटेलचा जुना आय-५ ६५०० प्रोसेसर, ६५ वॅटचा, त्याला गार ठेवायला सोबत आलेला कंपनीचा बुटका कूलर, मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा बोर्ड, आणि हे सगळं एका चपट्या, चारएक लिटरच्या कॅबिनेटमध्ये. एसएमपीएस त्यातच बसवलेला, १५० वॅटचा, ४० मिलिमीटरच्या किंकाळणाऱ्या पंख्याचा. कॅबिनेट घेताना मी एकच गोष्ट पाहिली होती: ते शोकेसच्या खालच्या कप्प्यात मावतं का. मावलं. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून असं फिट्ट मावलं की सुतारानं मोजून बनवलंय असं वाटावं. चूक तिथेच झाली होती, कळायला तीन उन्हाळे गेले.

आधी केलेले उपाय, जे ‘लागू पडले’

पहिल्या वर्षी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली. जळगावहून, गोलाणी मार्केटमधून नळी आणली, मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, कूलर परत बसवला. पीसी सुरळीत चालला. कारण मधल्या काळात मृग लागला होता.

दुसऱ्या वर्षी संशय व्होल्टेजवर. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी दिवे मंद होतात, लाइट जाते-येते, त्यामुळे हा संशय कुणालाही पटतो. एसएमपीएस बदलला. हा चपट्या जातीचा, तालुक्यात मिळेना, जळगावातही मिळेना, शेवटी पुण्याहून कुरिअरनं आला. तो येईपर्यंत पुन्हा पाऊस.

तिसऱ्या वर्षी विंडोज नव्यानं टाकलं. याबद्दल जास्त बोलत नाही.

जे दुखणं ऋतूबरोबर जातं त्यावर कुठलंही औषध गुणकारी दिसतं. म्हणून तपासणी त्रास चालू असतानाच करा, भर मे महिन्यात, संध्याकाळी आठला, घामाघूम होऊन. सकाळी सहाला केलेली तपासणी तुम्हाला खोटं सांगेल.

तपासणी

सुरुवात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरपासून. सिस्टिमच्या नोंदींत कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ती पाहून ‘पॉवरचाच प्रॉब्लेम’ असा निष्कर्ष काढू नका. मी दुसऱ्या वर्षी नेमका तोच काढला होता. ४१ एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. लाइट गेली, कुणी प्लग ओढला, एसएमपीएस तापून थांबला, तिन्हींची नोंद सारखीच. तिच्या आधीच्या काही मिनिटांत बघा. माझ्याकडे तिथे ३७ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या: फर्मवेअरनं प्रोसेसरचा वेग कमी केला आहे. म्हणजे आधी प्रोसेसर तापून मंदावला, चित्र अडखळलं, आणि मग सगळंच बंद झालं. क्रम महत्त्वाचा.

मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाका, तापमानाची नोंद फाइलमध्ये जाऊ द्या, आणि ज्या व्हिडिओला त्रास होतो तोच लावा. आमच्याकडे तो मामेभावाच्या हळदीचा होता. व्हिडिओवाल्यानं हौसेनं फोर-के, १० बिट एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) दिलेला, आणि बहिणींना तो दर वर्षी पाहायचा असतोच. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख बघा. तो शून्याला चिकटलेला आणि सीपीयू ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर व्हिडिओ उलगडायचं काम जीपीयूऐवजी प्रोसेसर हमालासारखं करतोय. इंटेलच्या सहाव्या पिढीत १० बिट एचईव्हीसीसाठी पूर्ण हार्डवेअर सोय नाही, ती सातव्या पिढीपासून आली. एव्ही१ या त्याहून नव्या पद्धतीसाठी अकरावी पिढी लागते. माझा प्रोसेसर सहावीतला. म्हणजे इतरांचा पीसी जे काम काही वॅटमध्ये उरकतो त्याला माझा पूर्ण घाम गाळत होता.

आता खरी मोजणी. एक साधा थर्मामीटर घ्या आणि तीन वेळा तेच करा. माझे आकडे असे आले, खोली तिन्ही वेळा ३९ अंशांवर:

शोकेसचं दार बंद: तासाभरात कप्प्यातली हवा ५२, प्रोसेसर ९८ आणि वेग उतरलेला.
दार उघडं, कॅबिनेट ओढून पुढे घेतलेलं: प्रोसेसर ८६.
कॅबिनेटचं झाकणही काढलेलं: ७४.

हे तीन आकडे मिळाले की अर्धं निवारण झालं. पहिल्या दोघांमधला फरक शोकेसचा दोष, दुसऱ्या-तिसऱ्यामधला फरक कॅबिनेटचा दोष. माझ्याकडे दोघांनी बारा-बारा अंश वाटून घेतले होते, भावकीतल्या जमिनीसारखे.

पण ९८ अंशांना प्रोसेसर बंद पडत नाही. हा इंटेल १०० अंशांजवळ पोचला की वेग कमी करून स्वतःला सांभाळतो, मरत नाही. मग बंद कोण करत होतं? झाकण काढून, कॅबिनेट बाहेर ठेवून, टेबलफॅनचा वारा फक्त एसएमपीएसवर सोडला, तर पीसी रात्रभर चालला. पंखा फिरवून प्रोसेसरकडे केला, तर प्रोसेसर गार राहिला आणि पीसी तरी बंद पडला. चोर सापडला. तापलेली हवा ओढणारा तो छोटा एसएमपीएस तापून आपलं संरक्षण लावत होता, आणि दहा मिनिटांत थंड होऊन परत जागा होत होता. दुसऱ्या वर्षी नवा आणला तरी तो ओढणार तीच हवा.

संध्याकाळीच का

पुण्यामुंबईच्या मित्रांना हे पटत नाही, म्हणून थोडं सविस्तर. पंख्याचा कूलर कितीही भारी असला तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर चढणारा आकडा कमी करतो. तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर जात असेल तर २४ अंशांच्या खोलीत तो ६९ वर, कुणाला पत्ताही लागत नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश ही बातमी नसते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर तेच ऊन आत ओकतो. त्यामुळे हॉलमधला सगळ्यात वाईट काळ दुपार नाही, संध्याकाळी सात ते दहा. क्रिकेटचा सामना तेव्हाच, सगळं घर तेव्हाच, हळदीचा व्हिडिओही तेव्हाच. परदेशी समीक्षणात ‘या छोट्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर ७० अंशांवर राहिला’ असं असेल तर त्यांची खोली किती अंशांची होती ते शोधा आणि फरक तुमच्या हॉलच्या आकड्यात मिळवा. बहुतेक वेळा उत्तर नव्वदच्या जवळ येतं.

आता जिनिंग. कापूस ऑक्टोबरपासून येऊ लागतो, आणि थंडी संपेपर्यंत आमच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या आणि हवेत रुईचे तंतू. धूळ पंख्याच्या पात्यावर बसते, पण रुई हीटसिंकच्या (कूलरच्या पंख्याखालच्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये जाऊन नमदा बनते. पंखा आणि हीटसिंक यांच्या मधोमध, वरून दिसतही नाही. मी तिसऱ्या उन्हाळ्यात पंखा सोडवला तर खाली करड्या गोधडीचा एक गोल तुकडाच निघाला. घाण हिवाळ्यात बसते, तेव्हा खोली थंड असते म्हणून कळत नाही. कळतं एप्रिलमध्ये. सफाई करायची तर होळीच्या आसपास करा, म्हणजे कापूस संपलेला असतो आणि ऊन अजून यायचं असतं. कॅबिनेट ओट्यावर न्या, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

(एक खुलासा. आमच्या घरी ‘कूलर साफ केला का’ या प्रश्नाचा अर्थ खिडकीतला गवताचा कूलर. मी तीन वर्षं ‘हो’ म्हणत होतो.)

त्या खिडकीतल्या कूलरबद्दलही एक. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली चांगली उतरवतो, आणि खोली उतरली की पीसी उतरतो. पण त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. झोताबरोबर ओल येते, आणि ओलीवर रुई चिखलासारखी चिकटते.

कॅबिनेट निवडताना

कॅबिनेटचं आकारमान लिटरमध्ये सांगतात, आणि चार लिटर, सात लिटर, दहा लिटर असं वाचत गेलं की माणसाला आपोआप सगळ्यात कमी लिटर हवंसं वाटतं. एसी हॉलसाठी ते ठीक असेल. आपल्याकडे लिटर शेवटी बघा, आधी पंखा बघा. ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० चा पंखा क्षेत्रफळानं नऊपट मोठा असतो. तीच हवा ढकलायला तो सावकाश फिरतो, म्हणून आवाजही नाही. ज्या छोट्या कॅबिनेटमध्ये एकही १२० किंवा निदान ९२ चा पंखा बसत नाही, ते खान्देशात बंद कप्प्यात ठेवायचं नाही, एवढा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

दुसरी गोष्ट कूलरची उंची. प्रत्येक कॅबिनेटच्या माहितीत ‘कूलर कमाल उंची’ दिलेली असते. इन विन चोपिन हे सव्वातीन लिटरचं सुंदर कॅबिनेट आहे, पण त्यात ४३ मिलिमीटरपर्यंतचाच कूलर बसतो. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड २०२ दहा लिटरचं, तिथे ५६ मिलिमीटर. एएमडीसोबत मिळणारा रेथ स्टेल्थ ५४ मिलिमीटरचा, म्हणजे नोड २०२ मध्ये जेमतेम मावेल, चोपिनमध्ये नाही. नॉक्टुआचा एल-९ जातीचा बुटका कूलर ३७ मिलिमीटरचा, तो दोन्हीकडे बसतो, पण तो ३५ वॅटच्या प्रोसेसरसाठी मला बरा वाटतो. ६५ वॅट आणि ३९ अंशांची खोली या जोडीला तो अपुरा पडेल.

बसला म्हणजे झालं असंही नाही. बुटका कूलर वरून हवा घेतो. झाकणाची जाळी पंख्याच्या अगदी जवळ असेल तर तो बाहेरची ताजी हवा ओढतो. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर पोकळी असेल तर कॅबिनेटमधलीच गरम हवा फिरवत बसतो. यावर उपाय फुकटाचा आहे: पंख्याभोवती झाकणापर्यंत पुठ्ठ्याची कॉलर. मी जाड लग्नपत्रिका कापून केली होती (त्याच मामेभावाची), आणि जुन्या कॅबिनेटमध्येही प्रोसेसर पाच अंश खाली आला होता. कॅबिनेट बदलायचं नसेल तर हे आधी करून बघा. पुठ्ठा पात्यांना लागत नाही ना, तेवढं पाहा.

तिसरी गोष्ट एसएमपीएसची जात, आणि यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण समीक्षणात ही कुणी लिहीत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये फ्लेक्स, टीएफएक्स किंवा एसएफएक्स या लहान मापांचा एसएमपीएस लागतो. आठ दिवस कुरिअरची वाट पाहण्याची तयारी असेल तरच यांच्या वाटेला जा. साधा एटीएक्स एसएमपीएस, १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच, धरणगावातही मिळतो, चोपड्यालाही मिळतो, आणि रात्री नऊला दुकानदाराला फोन केला तर तो शटर अर्धं उघडून देतो. आखाजीच्या दिवशी याची किंमत कळते. दर्जाही बघा, हलका घेतला तर तो ३९ अंशांत जुन्याच वाटेनं जाईल.

चौथी, जाळ्या कुठे आहेत. काही चपटी कॅबिनेटं वरून श्वास घेतात. त्यांच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवला की संपलं. काही बाजूनं घेतात आणि तुमच्या कप्प्यात बाजूला बोटभर जागा असते. सिल्व्हरस्टोनचं जीडी०९ अगदी ॲम्प्लिफायरसारखं दिसतं, पूर्ण मापाचा एटीएक्स बोर्ड घेतं, ४४० मिलिमीटर रुंद, १७० उंच, ३५८ खोल. शोकेसची रुंदी असेल तर हॉलमध्ये त्याच्याइतकं शोभणारं दुसरं नाही. पण कप्पा ४५ सेंटिमीटरचा असेल तर बाजूच्या जाळ्या प्लायला चिकटतात. रुंदीत दोन्हीकडे चार-चार बोटं सोडा. मागच्या बाजूला आणखी पाच सेंटिमीटर धरा, कारण एचडीएमआयची पिन काटकोनात वळत नाही आणि हे नेहमी कॅबिनेट घरी आल्यावर लक्षात येतं.

टीव्ही ट्यूनर किंवा ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर बहुतेक चपट्या कॅबिनेटमध्ये कार्डाला बुटकी पट्टी (लो-प्रोफाइल ब्रॅकेट) लागते. जुनं कार्ड असेल तर ती खोक्यात आली होती का, ते आधी शोधा. हार्ड डिस्क घरातलीच वापरणार असाल तर ३.५ इंची जागा किती आहेत तेही पाहा. बाकी दिवे, काच, रंग यांवर मी बोलणार नाही. काचेच्या पुढच्या भागातून हवा जात नाही, एवढंच.

मी काय केलं

शेवटी मी फ्रॅक्टलच्याच नोड ३०४ च्या जातीचं चौकोनी कॅबिनेट घेतलं. मिनी-आयटीएक्स बोर्ड जुनाच, साधा एटीएक्स एसएमपीएस, पुढे दोन ९२ चे पंखे, मागे एक १४० चा, पुढच्या जाळीला काढून धुता येणारा फिल्टर, आणि १२० च्या पंख्याचा उभा कूलर बसायला मुबलक उंची. लिटरमध्ये आधीच्या जवळपास पाचपट. बायकोनं पाहिल्याबरोबर ‘हा पेटारा कुठे ठेवणार’ विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. उंची २१० मिलिमीटर, माझा कप्पा १८० चा. सुतार बोलावून मधली फळी काढली आणि कप्प्याच्या मागचं प्लाय पूर्ण कापून टाकलं. हे मागचं प्लाय काढणं कुठल्याही कॅबिनेटला लागू. शोकेसला मागून भोक पाडून फक्त वायर काढणं म्हणजे भट्टीला धुराडं न ठेवणं. जमिनीवर ठेवायचा मोह मला झाला होता, पण केरसुणीचा पहिला मान पुढच्या जाळीलाच मिळतो.

फिल्टरवर मी वरून मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा एक तुकडा चिकटपट्टीनं लावला. रुई त्याच्यावर बसते, आतल्या बारीक फिल्टरपर्यंत पोचत नाही. कापसाच्या हंगामात पंधरा दिवसांनी तो काढून नळाखाली धरायचा, वाळवायचा, लावायचा. पाच मिनिटांचं काम. मुलीकडे दिलंय.

गेल्या मे महिन्यात खोली पुन्हा ३९ वर, तोच हळदीचा व्हिडिओ: प्रोसेसर कमाल ६८. पंख्यांचा आवाज सोफ्यावर येत नाही. प्रोसेसर अजून सहाव्या पिढीचाच आहे, पुढे ३५ वॅटचा नवा घेतला तर हळदीचा व्हिडिओ त्याला जाणवणारही नाही. कॅबिनेट न बदलता त्रास कमी करायचा असेल तर हाही एक रस्ता: बायॉसमध्ये वॅटची मर्यादा कमी करणं. इंटेलच्या बोर्डात पीएल१ (प्रोसेसर सतत किती वॅट घेऊ शकतो ती मर्यादा) ३५ वर आणता येतं, एएमडीमध्ये इको मोड ६५ च्या प्रोसेसरला ४५ वॅटच्या वर्गात बसवतो. बोर्डात सोय असली पाहिजे. माझ्या बोर्डात नव्हती.

आणि ज्यांना फक्त सामने आणि यूट्यूब पाहायचं आहे, त्यांनी यातलं काहीच करू नये. टीव्हीतलं ॲप पुरेसं आहे. हा सगळा खटाटोप घरच्या व्हिडिओंनी भरलेली हार्ड डिस्क असणाऱ्यांसाठी.

जुनं चपटं कॅबिनेट फेकलं नाही. त्यात एक ३५ वॅटचा जुना प्रोसेसर टाकून मेव्हण्याला पाचोऱ्याच्या दुकानात बिलिंगसाठी दिलं. काउंटरवर उघड्यावर असतं, दिवसाचे दहा तास चालतं, उन्हाळ्यातही. त्याच्यावर उदबत्तीचं घर ठेवू नका, एवढं सांगून आलोय. परवा गेलो तेव्हा ठेवलेलं होतं.